पातालपानी–कालाकुंड हेरिटेज गाडी आणि रात्रीचा सराफा: इंदूरचा पावसाळी शनिवार

पावसाळ्यात इंदूरहून एका दिवसात करता येण्याजोग्या सहली बऱ्याच आहेत, पण वीस रुपयांच्या तिकिटात एवढा घाट दुसरीकडे कुठे दिसत नाही. पातालपानी ते कालाकुंड ही मीटर गेजवरची (एक मीटर रुंदीच्या जुन्या रुळांवरची) हेरिटेज गाडी 25 डिसेंबर 2018 रोजी सुरू झाली. अंतर जेमतेम साडेनऊ-दहा किलोमीटर. तेवढ्यात चार बोगदे, चाळीसच्या वर लहानमोठे पूल आणि दोन डझन तीव्र वळणे. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी 1870 मध्ये एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, त्यातून खंडवा–इंदूर मार्ग उभा राहिला. त्या मार्गाचा हा सर्वांत अवघड तुकडा, चढ 1:40 चा. रुंद रुळांच्या (ब्रॉडगेज) कामात नवा मार्ग कमी चढासाठी लांबून वळवला, म्हणून जुना घाट पर्यटकांसाठी शिल्लक राहिला.

गाडीला गुण द्यायचे तर दहापैकी आठ. दोन गुण कापले ते आरक्षणाच्या गैरसोयीमुळे आणि कालाकुंडला जेवणाची धड सोय नाही म्हणून.

आधी तिकीट. गाडी साधारण जुलैच्या उत्तरार्धात सुरू होते, शनिवार-रविवार हमखास आणि कधी शुक्रवारीही धावते. हिरवळ ओसरली की बंद होते. वेळापत्रक दर हंगामाला नव्याने जाहीर होते, त्यामुळे मागच्या वर्षीच्या वेळा धरून निघू नये. गेल्या काही हंगामांत गाडी पातालपानीहून सकाळी अकराच्या सुमारास सुटून एकपर्यंत कालाकुंडला पोचत असे आणि दुपारी साडेतीनच्या आसपास परत निघत असे. गेल्या काही हंगामांत भाडे एका बाजूचे, वातानुकूलित डब्यात 265 रुपये आणि साध्या डब्यात 20 रुपये असे. जाणे आणि येणे या दोन वेगळ्या क्रमांकांच्या गाड्या आहेत, म्हणून तिकिटेही दोन काढावी लागतात. सर्वांत जास्त फजिती इथेच होते. लोक जाण्याचे आरक्षण करून निश्चिंत होतात, आणि परतीची जागा बघायला जातात तेव्हा प्रतीक्षायादी लागलेली असते. आधी परतीची जागा पाहा, मग जाण्याची घ्या.

डबा कोणता? वातानुकूलित डब्याच्या काचा मोठ्या आहेत, पण पावसात बाहेरून थेंब आणि आतून वाफ धरते, मग धबधब्याच्या जागी पांढरा धूसर ठिपका तेवढा दिसतो. साध्या डब्यात खिडकी उघडी असते, ओला वारा आत येतो, इंजिनाचा आवाज ऐकू येतो. सोबत फार वयस्क माणूस किंवा तान्हे मूल नसेल तर साधाच डबा घ्यावा. पैसे वाचतात ही गोष्ट वेगळीच.

एक बारीक मुद्दा फारसे कुणी सांगत नाही. कालाकुंडला इंजिन दुसऱ्या टोकाला लागते, डबे वळवले जात नाहीत. म्हणजे जाताना तुमच्या खिडकीकडे डोंगराची कातळभिंत आली असेल, तर येताना त्याच जागेवर बसून पुन्हा तीच भिंत दिसणार. परतीचे आरक्षण करताना दुसऱ्या बाजूची खिडकी निवडावी, किंवा समोरच्या कुटुंबाशी गोड बोलून जागा बदलून घ्यावी. मराठी कुटुंब असेल तर डबा उघडून दोन पुऱ्या पुढे केल्या की काम होते.

उतरताना गाडी दोन तास घेते आणि चढताना त्याच्या निम्म्याने वेळ लागतो. कारण साधे आहे: जाताना धबधब्याच्या दर्शनस्थळी आणि टंट्या मामांच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढलेल्या टंट्या भिल्ल यांच्या, देवळापाशी गाडी थांबवतात, येताना थांबे नसतात. फोटो काढायचे ते जातानाच. त्यांना 4 डिसेंबर 1889 रोजी जबलपूरला फाशी झाली. त्यांच्या देवळाशी गाडीने थांबून पुढे जायचे, हा प्रघात हेरिटेज गाडीच्या कितीतरी आधीचा आहे. हे थांबे थोडक्या मिनिटांचे असतात. शिट्टी झाली की सेल्फी तिथेच सोडून डब्यात चढावे, रुळालगतची खडी ओली असते आणि पाय घसरतो.

कालाकुंडला उतरल्यावर पाहायचे काय? छोटे स्टेशन, बाजूला नदी, चहूकडे डोंगर, आणि फलाटावर पानांत विकला जाणारा कलाकंद. या सहलीतला खाण्याचा पहिला अंक इथे. दूध आटवताना त्यात आंबट किंवा तुरटीची किंचित मात्रा पडली की ते रवाळ फाटते, मग साखर घालून आटवत नेतात. मात्रा जास्त झाली तर रवा रबरासारखा चिवट होतो, कमी झाली तर नुसता गोड खवा उरतो. इथला कलाकंद चांगल्या दिवशी ओलसर, दाणेदार आणि बेताचा गोड असतो. घेताना पान किंचित वाकवून पाहावे: कडेने दूध सुटले असेल तर तो कच्चा उतरवलेला, आणि तुकडा कोरडा भुगा होत असेल तर तो आदल्या दिवशीचा. सगळा माल एकसारखा नसतो, म्हणून आधी एक पान चाखून मगच घरासाठी घ्यावा. कोमट कलाकंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये; घाम सुटून संध्याकाळपर्यंत आंबूस वास मारतो. स्टीलचा उथळ डबा न्यावा, झाकण थंड झाल्यावर लावावे, आणि त्याच रात्री संपवावा.

पोटभर जेवण मात्र इथे शोधू नका. भजी, चहा, भाजलेली कणसे मिळतात, तीही गाडी येते त्या वेळेपुरती. मध्ये अडीच तास मोकळे असतात, त्यामुळे पोळी-भाजीचा डबा आणि माणशी लिटरभर पाणी सोबत हवेच.

पातालपानी स्टेशन इंदूरहून सुमारे 35 किलोमीटरवर आहे. महूपर्यंतचा रस्ता चांगला, पुढचा अरुंद, आणि सुट्टीच्या दिवशी धबधब्याकडे जाणाऱ्या गाड्यांनी तुंबलेला. अकराच्या गाडीसाठी इंदूर साडेआठला सोडावे. धबधबा साधारण तीनशे फुटांचा, चोरल नदीवरचा. तो कठड्याच्या अलीकडूनच पाहावा. तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी वर पाणलोटात पाऊस झाला की काही मिनिटांत लोंढा येतो. 2011 च्या जुलैत असेच घडले, प्रवाहात अडकलेली माणसे लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. पाणी अचानक गढूळ झाले किंवा काटक्या-पाने वाहून येऊ लागली तर खडकावरून लगेच मागे फिरावे. आणि फेब्रुवारीनंतर जाण्यात अर्थ नाही. नुसता कातळ दिसतो.

संध्याकाळी सहाच्या आसपास इंदूर. दोन तास आडवे व्हा. सराफा हा रात्रीचा खाऊबाजार सराफ बाजारातली सोन्या-चांदीची दुकाने बंद झाल्यावर मांडला जातो, आठ-नऊला सुरुवात आणि खरा रंग दहानंतर. शनिवारी अकराला तिथे मुंगीलाही वाट मिळत नाही, म्हणून साडेनऊला आत शिरावे. चारचाकी राजवाड्याच्या अलीकडेच सोडून चालत किंवा ई-रिक्षाने जावे.

खाण्याचा क्रम चुकला तर रात्र वाया जाते. बहुतेक पाहुणे शिरल्या शिरल्या भलामोठा जलेबा (ताटलीएवढी जिलबी) घेतात आणि मग पुढचे काहीच जात नाही. सुरुवात भुट्ट्याच्या किसाने करावी. पावसाळा हाच त्याचा हंगाम: कोवळे, नख लावल्यावर दूध येणारे कणीस किसून तुपात, मोहरी-जिरे-हिंग-मिरचीच्या फोडणीवर परततात आणि दूध घालून मुरवतात. कणीस जून असेल तर कीस पिठूळ होऊन गोळा बनतो. मोठ्या परातीच्या कडेला वाळलेला नको, मधला गरम भाग मागावा. वर लिंबू आणि जिरावण, म्हणजे भुरभुरवायचा इंदुरी मसाला. मग जोशींचा दहीबडा, जिथे द्रोण हवेत उडवला जातो आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले सोडले जातात. करमणूक सोडली तरी दही गोडसर आणि घट्ट असते, बडा मऊ. त्यानंतर खोबऱ्याचे सारण भरलेले खोपरा पॅटिस, दोघांत एक.

साबुदाण्याची खिचडी पाहून पुण्या-मुंबईचे लोक नाक मुरडतात. ती तुपात परतलेली नसते. साबुदाणा वाफेवर मोकळा करून ठेवतात आणि मागणी आली की त्यात मसाला, लिंबू, बटाट्याचा चिवडा कालवून देतात. आपल्या खिचडीशी तुलना न करता खाल्ली तर चांगली लागते, पण चिवडा मऊ पडायच्या आत संपवावी. गराडू मात्र या दिवसांत मागू नका. तो हिवाळ्याचा कंद आहे, आणि पावसाळ्यात कुणी देऊ केला तरी त्यात राम नसतो. मोमो आणि नूडल्सच्या गाड्यांसाठी सराफ्यात जाण्याची गरजच नाही.

गोड शेवटी: जलेबा चौघांत एक, सोबत रबडी. इंदुरी शिकंजी लिंबाची नसून आटवलेल्या दुधाची, सुकामेवा घातलेली असते, म्हणून जलेब्यानंतर ती झेपत नाही. दोन्हींपैकी एकच घ्यावे. रोकड सुटी ठेवावी, गर्दीत मोबाईलचे नेटवर्क रडते.

अनंत चतुर्दशीच्या रात्री हा बेत आखलात तर हिशेब बदलतो. कापड गिरण्यांच्या झांक्यांची (रोषणाईच्या फिरत्या देखाव्यांची) मिरवणूक रात्रभर चालते आणि राजवाड्याच्या परिसरात वाहने बंद असतात. त्या दिवशी सराफ्यात आठलाच जेवून घ्यावे आणि मग झांक्या पाहायला उभे राहावे.

रविवारी सकाळी पोहे. इंदुरी पोहे भिजवून खळखळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेने गरम ठेवतात, त्यामुळे तेल कमी आणि दाणा मऊ. बडीशेप, कांदा, शेव, जिरावण, लिंबू, बाजूला जिलबी. आठच्या आत पोचावे. दहानंतर तीच रास वाफेवर लगदा झालेली असते, आणि तेव्हा छप्पन दुकान या खाऊगल्लीत जाऊन दुसरे काही खाल्लेले बरे.