निर्बंध यादीतून नाव वगळण्याची सेवा : सुरक्षा परिषदेच्या लोकपाल कार्यालयाचे परीक्षण

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने दहशतवादाशी संबंधित म्हणून एखाद्याचे नाव यादीत घातले की त्याची बँक खाती गोठवली जातात आणि त्याचा परदेशप्रवास बंद होतो. यासाठी कोणत्याही न्यायालयाने त्याला दोषी ठरवलेले असावे लागत नाही, कारण हे निर्बंध शिक्षा नसून प्रतिबंधक उपाय आहेत, अशी परिषदेची भूमिका आहे. 1999 च्या ठराव 1267 पासून उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेत, अल-कायदा आणि आयसिस यांच्याशी संबंधित यादीतील व्यक्तीला किंवा संस्थेला दाद मागता येते ती लोकपालाच्या कार्यालयाकडे. परीक्षण करायचे आहे ते याच सेवेचे.

ही सेवा परिषदेने आपणहून देऊ केलेली नाही. 2006 मध्ये अर्ज स्वीकारण्यासाठी एक संपर्क केंद्र नेमले गेले, पण ते अर्ज पुढे पाठवण्यापलीकडे फारसे काही करत नव्हते. सप्टेंबर 2008 मध्ये, यादीत नाव असलेले सौदी व्यावसायिक यासिन कादी यांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने, आरोपांचा आधार न सांगता आणि बाजू मांडू न देता मालमत्ता गोठवणे मूलभूत हक्कांचा भंग आहे, असा निकाल दिला. सदस्य देशांची न्यायालयेच निर्बंध अडवू लागली तर सारी यंत्रणा खिळखिळी होईल, हे त्यातून दिसले आणि डिसेंबर 2009 मध्ये ठराव 1904 द्वारे लोकपालपद निर्माण झाले. पहिल्या लोकपाल किम्बर्ली प्रोस्ट यांनी या पदाला जी कार्यपद्धती घालून दिली, तिच्यावरच आजचे काम उभे आहे.

अर्ज विनाशुल्क आहे आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. पहिले चार महिने देशांकडून माहिती मागवली जाते, पुढचे दोन महिने अर्जदाराशी संवाद होतो, आणि दोन्ही टप्पे प्रत्येकी दोन महिन्यांनी वाढवता येतात. या संवादात लोकपाल शक्य असेल तेव्हा अर्जदाराला प्रत्यक्ष भेटतात, प्रश्न विचारतात आणि त्याचे उत्तर यादी सांभाळणाऱ्या परिषदेच्या निर्बंध समितीपर्यंत नेतात. माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. नाव मुळात योग्य कारणाने घातले होते का, यापेक्षा आज ते ठेवण्यास वाजवी आणि विश्वासार्ह आधार आहे का, हे पाहिले जाते, त्यामुळे ज्याने जुने संबंध खरोखर तोडले आहेत, त्यालाही वाट मोकळी राहते.

2011 च्या ठराव 1989 ने शिफारशीला खरे बळ दिले. नाव वगळावे असे लोकपालांनी सुचवले, तर समितीने साठ दिवसांत सर्वसंमतीने उलट ठरवले नाही किंवा प्रकरण परिषदेकडे नेले नाही, तर नाव आपोआप निघते. कादी यांचे नावही 2012 मध्ये याच मार्गाने अर्ज केल्यानंतर निघाले.

उणिवा मात्र गंभीर आहेत. लोकपालांचा संपूर्ण अहवाल समितीकडे जातो, अर्जदाराच्या हाती त्यातील कारणांचा गोषवारा तेवढा येतो. गोपनीय माहिती पाहण्याबाबत काही देशांशी समझोते झाले आहेत, पण ती दाखवायची की नाही हे शेवटी त्या देशाच्या इच्छेवर अवलंबून असते. ज्याने निःपक्षपातीपणे परिषदेच्या निर्णयांची छाननी करायची, त्या व्यक्तीला संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात सल्लागाराच्या करारावर काम करावे लागते, हे मला अजिबात पटत नाही. 2017 मध्ये दुसऱ्या लोकपाल पद सोडून गेल्यानंतर नवी नेमणूक होईपर्यंत जवळजवळ वर्ष गेले. त्या काळात यादीतल्या माणसाची खाती गोठलेलीच होती.

सर्वांत मोठी खंत व्याप्तीची आहे. परिषदेच्या अन्य निर्बंध याद्यांवरील कोणालाही, तालिबानसाठी 2011 पासून वेगळ्या केलेल्या यादीवरील व्यक्तींनाही, हे दार उघडे नाही. त्यांना संपर्क केंद्राकडेच जावे लागते. 2024 च्या ठराव 2744 ने त्या केंद्राला माहिती गोळा करण्याचे आणि अर्जदाराशी बोलण्याचे अधिकार दिले, ही स्वागतार्ह सुधारणा आहे. परंतु लोकपालांच्या शिफारशीमागे असलेली साठ दिवसांची ताकद त्या केंद्राकडे नाही, आणि ती मिळेपर्यंत मी ही सेवा अपुरीच मानेन.