घरकामात उरलेल्या प्लाय, सनमायका आणि टाइल्सचे डबे: कुठलं सामान खरंच कामाचं निघालं

घराचं काम संपल्यावर गॅलरीत जो ढीग उरतो ना, प्लायचे तुकडे, सनमायकाच्या पट्ट्या, दोन-चार टाइल्स, पाइपचा तुकडा, तो बहुतेक जण भंगारवाल्याला देऊन मोकळे होतात आणि नंतर दुकानातून एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा चिकट्यात दाबून केलेल्या पाटाचे, फुलाफुलांचे डबे विकत आणतात. मला ते बघवत नाही. आमच्या डोंबिवलीच्या घरी किचन आणि बेडरूमचं काम झालं तेव्हापासून मी या उरलेल्या सामानाचे झाकणवाले डबे करतेय, शिवणाचं सामान, लोकर, गणपतीच्या आराशीच्या माळा सगळं त्यातच राहतं, तर कुठलं सामान कसं निघालं ते सांगते. डबा दिसतो सजावटीमुळे पण टिकतो कोपऱ्याच्या जोडामुळे आणि कडांमुळे, म्हणून जो काय थोडा खर्च करायचा तो गोंद आणि कडेच्या पट्टीवर करा, बाकी सगळं घरातच पडलेलं असतं.

प्लायला माझे पाचपैकी पाच. कपाटाच्या बॉडीचा १८ एमएमचा तुकडा डब्याला उगाच जड होतो, १२ एमएम बाजूंना आणि कपाटाच्या पाठीचा उरलेला ६ एमएम तळाला, हे जमतं. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात म्हणून तो साध्या फळीसारखा रेषेत चिरत नाही, फक्त काठात खिळा डायरेक्ट ठोकला की थर सुटतात, आधी बारीक ड्रिल मारायचंच. तुकड्यावर शिक्का राहिला असेल तर बघून घ्या, आयएस ३०३ म्हणजे नेहमीच्या वापराचा आणि आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारा, मरीनचा तुकडा मिळाला तर तो बाथरूममधल्या किंवा गॅलरीतल्या डब्यासाठी राखून ठेवा. आणि एक खूप महत्त्वाचं, मिस्त्रींची कटर मशीन घरात आहे तोवरच त्यांना सांगा की दादा, हे तुकडे टाकू नका, सगळे एकाच रुंदीत फाडून द्या. पाच-दहा मिनिटांचं काम असतं त्यांचं, आणि नंतर हातकरवतीने तेच करायला आपला अख्खा रविवार जातो आणि रेष तरीही सरळ येत नाही.

एमडीएफला दोन. दिसायला गुळगुळीत, रंग सुंदर बसतो, पण काठात स्क्रू धरत नाही आणि पाणी लागलं की फुगतो तो परत बसत नाही. कापताना मैद्यासारखा भुसा उडतो, मास्क लावल्याशिवाय हात लावू नका. यातला चिकटा साधारणपणे युरिया फॉर्मल्डिहाइडचा असतो, त्यामुळे पापड-कुरडया, सुकामेवा वगैरे थेट यात भरू नका, प्लायच्या डब्यातही नको, खायचं ते आपल्या स्टीलच्या डब्यातच बरं.

आता गोंद, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. लाकडाला लाकूड जोडायचं तर पांढरा फेविकॉल एसएच, दोन्ही बाजूंना पातळ हात, क्लॅम्प लावून रात्रभर सोडायचं, क्लॅम्प नसेल तर सुतळीने करकचून आवळा आणि वर पाट्याचं वजन ठेवा, चालतं. ओल येणार असेल तिथे एसएच नको, फेविकॉल मरीन घ्या. सनमायका चिकटवायला पिवळट रबरी सोल्युशन, एसआर ९९८, ते दोन्हीकडे लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच दाबायचं, एकदा टेकलं की सरकत नाही त्यामुळे नीट धरून टेकवा. वास फार असतो आणि पेट पटकन घेतं, खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद, देवाजवळचा दिवासुद्धा आधी शांत होऊ द्या. टाइलला मात्र अराल्डाइट, दोन ट्यूब सारख्या प्रमाणात मिसळायच्या, साधंवालं घ्या, पाच मिनिटांत सुकणाऱ्यात तुकडे जुळवायला वेळच मिळत नाही.

जोडणीत दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक म्हणजे तळ बाहेरून खालून ठोकायचा नाही, सगळं वजन मग खिळ्यांवर येतं आणि भरलेला डबा उचलला की तळ सुटतो. आतून चारी बाजूंना बारीक पट्टी चिकटवा आणि तळ त्या पट्टीवर बसवा. दुसरी म्हणजे झाकण वेगळं बनवूच नका! डबा सहाही बाजूंनी बंद करून टाका, गोंद पूर्ण सुकू द्या, बाहेरून सनमायका लावून घ्या, आणि मग वरून दीड-दोन इंचावर चारी बाजूंनी रेष मारून करवतीने झाकण कापून वेगळं करा. झाकण अगदी अचूक बसतं, सनमायकाचं डिझाइन डब्यावरून झाकणावर न तुटता जातं, आणि पहिल्यांदा उघडताना जो आनंद होतो तो विकतच्या डब्यात नाही. रेषेवर मास्किंग टेप लावून कापलं तर सनमायकाचे कपचे कमी उडतात, आणि त्या उंचीवर खिळा येणार नाही हे आधीच बघून ठेवायचं. कापलेल्या कडा कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून वर कडेची टेप लावा, सनमायकाची उघडी धार हात कापते, लहान मुलं असतील तर हे टाळू नका.

टाइल्सवर माझा सगळ्यात जास्त जीव. पण अख्खी टाइल झाकणावर बसवायचा मोह आवरा, जमिनीची व्हिट्रिफाइड टाइल चौरस फुटाला दोन किलोच्या आसपास भरते आणि १२ एमएम प्लाय त्याच मापात पाऊण किलोच्या आसपास, झाकण उघडलं की डबाच मागे कलंडतो. त्यापेक्षा भिंतीच्या पातळ टाइल्सचे तुकडे घ्या, आपल्याकडे गच्चीवर चायना मोझॅक करतात ना तसंच, टाइल गोणपाटात गुंडाळून वरून हातोडी मारायची, डोळ्यांना गॉगल हवाच. तुकडे जुळवताना कडेचे आधी लावा, सरळ बाजू बाहेर, मग मधले. सनमायकावर लावणार असाल तर आधी पॉलिश पेपरने ती खरबरीत करा. फटीत व्हाइट सिमेंट चालतं पण खालचा प्लाय पातळ असेल आणि लवत असेल तर तडे जातात, बाथरूमचं इपॉक्सी ग्राउट उरलं असेल तर तेच भरा. चंदीगडचं रॉक गार्डन माहिती असेल, नेकचंद तिथल्या बांधकाम खात्यात रस्त्यांचे इन्स्पेक्टर होते, १९५७ पासून नोकरी सांभाळून गुपचूप फुटक्या टाइल्स, बांगड्या, चिनी मातीचे तुकडे गोळा करून मूर्ती घडवत राहिले आणि १९७६ मध्ये ती बाग लोकांसाठी उघडली. नवं शहर उभं राहताना निघालेलं टाकाऊ सामान होतं ते सगळं. फुटकी टाइल हातात घेतली की मला ते आठवतं आणि टाकवत नाही.

ड्रेनेजच्या ११० एमएम पाइपचे तुकडे ठीकठाक, साडेतीन. वेगवेगळ्या उंचीचे कापून प्लायच्या ट्रेमध्ये उभे चिकटवले की ब्रश, कात्र्या, विणायच्या सुया छान राहतात, मात्र वापरलेला पाइप नको, नवाच उरलेला घ्या.

काय अजिबात घ्यायचं नाही तर जुने सिमेंटचे पत्रे. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, कापला-घासला की त्याचे तंतू छातीत जातात आणि त्यातून कॅन्सरही होतो. जुन्या दार-खिडक्यांचा ऑइलपेंटही घरात घासत बसू नका, त्यात शिसं असू शकतं.

विकत काय घ्यावं लागतं तर गोंद, कडेची टेप, बिजागरी आणि कडी. जवळचं हार्डवेअरचं दुकान पुरतं, डबा सोबत घेऊन जा म्हणजे दुकानदार माप बघून देतात. स्क्रू प्लायच्या जाडीपेक्षा आखूडच मागा, १२ एमएमला १० एमएम, नाहीतर टोक आत निघतं आणि लोकर अडकते. झाकण फूटभराहून लांब असेल तर दोन सुट्या बिजागऱ्यांपेक्षा पियानो बिजागरी घ्या, लांब पट्टी असते, हवी तेवढी कापून देतात.