‘ब्लेडलेस’ लॅसिकचं पॅकेज: पैसे नक्की कशाचे मोजायचे?

लॅसिक म्हणजे कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) लेझरने नवा आकार देऊन चष्मा घालवणं. त्याच्या जाहिरातीत मशीनचं नाव ठळक असतं आणि तपासणी तळाला, बारीक अक्षरात. गुंतागुंत टाळायची असेल तर महत्त्व नेमकं उलट द्यावं लागतं.

पॅकेजमधली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कॉर्नियाची टोमोग्राफी, म्हणजे त्याचा आकार आणि जाडी मोजणारा स्कॅन. बऱ्याच ठिकाणी तो पेंटाकॅम नावाच्या यंत्रावर होतो. सुप्त केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा होण्याचा आजार) इथेच पकडला जातो. तो नजरेतून सुटला तर लेझरनंतर कॉर्निया हळूहळू पुढे फुगत जातो. स्कॅनच्या आधी सॉफ्ट लेन्स आठवडा-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे बंद हव्यात, नाहीतर आकार चुकीचा दिसतो. लेन्सबद्दल न विचारताच ‘आज या, उद्या करू’ म्हणणाऱ्या सेंटरचा एक स्टार तिथेच कापावा.

मग हिशोब मागा. लेझर कॉर्नियाच्या मधल्या ज्या भागावर काम करतो तो झोन. ६.५ मिमीच्या झोनला दर नंबरमागे कॉर्नियाचे साधारण १४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जातात. जाडी ५४०, नंबर उणे ६, फ्लॅप (लेझरआधी कापून बाजूला उचलायचा वरचा पातळ थर) ११० असेल तर खाली ३४६ मायक्रॉन उरतात, उत्तम. जाडी ४९० आणि नंबर उणे ८ असेल तर उरतात २६८. कागदावर २५० ची किमान मर्यादा पाळली गेली, पण बरेच सर्जन ३०० च्या खाली उतरत नाहीत. शिवाय इथे फ्लॅप धरून जाडीच्या ४५ टक्क्यांना हात लागतो, आणि ४० च्या पुढे धोका वाढतो. ‘झोन जरा लहान करू’ हा तोडगा रात्री दिव्यांभोवती वलयं दाखवतो. अशा डोळ्याला आयसीएल (कॉर्निया न घासता डोळ्याच्या आत बसवायची लेन्स) सुचवणारा डॉक्टर गिऱ्हाईक गमावत नाही, डोळा वाचवतो.

‘ब्लेडलेस’ला अर्थ आहे, जाहिरातीइतका नाही. यात फ्लॅप पात्याऐवजी फेम्टो लेझरने कापतात. त्याने फ्लॅपची जाडी एकसारखी येते, अर्धवट किंवा मधे भोक पडलेला फ्लॅप क्वचितच होतो. पण फ्लॅप तो फ्लॅपच. डोळा चोळला की सुरकुती पडते. म्हणून आठवडाभर रात्री डोळ्यावर शील्ड (संरक्षक झाकण) लावायची. दुसऱ्या दिवशीची तपासणी पॅकेजमध्येच हवी, कारण फ्लॅपखालची सूज आणि सुरकुती वेळेत दिसली तरच सहज आटोक्यात येते.

स्माईल या दुसऱ्या लेझर पद्धतीत फ्लॅप नाही, २ ते ४ मिमीची चीर असते. सुरुवातीचा कोरडेपणा थोडा कमी. मात्र रुग्ण हलला आणि डोळा धरून ठेवणारं सक्शन सुटलं तर काम मधेच थांबतं. पीआरकेत (फ्लॅप न करता, कॉर्नियाची वरची त्वचा काढून लेझर करण्याच्या पद्धतीत) तीन ते पाच दिवस चांगलंच दुखतं, जास्त नंबरला धूसरपणाही येऊ शकतो. तो टाळायला ०.०२ टक्के मायटोमायसिन हे औषध लावतात.

नेहमीची तक्रार कोरडेपणाची. कागदी पट्टीने अश्रू मोजणारी शर्मर चाचणी आधी व्हावी. डोळे कोरडे निघाले तर आधी उपचार, मग लेझर. स्टेरॉइडचे ड्रॉप्स मनाने चालू ठेवू नयेत, डोळ्यातला दाब वाढतो. त्यात कॉर्निया पातळ झाल्याने यंत्र तो दाब खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवतं.

निघताना आधीचा स्कॅन आणि जुना नंबर यांची प्रत मागून घ्या. पुढे मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा नंबर काढायला ती कामी येते.