झोटेरो: एमएच्या प्रबंधासाठी दोन सत्रं वापरल्यावर

ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, इतिहासात एमए करतेय. प्रबंधाचे संदर्भ सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर घेतलं, त्याला दोन सत्रं झाली. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या लोकांनी ते सुरू केलं, आणि ते जाणवतं.

इंग्रजी जर्नलमधल्या लेखांसाठी तक्रारीला जागाच नाही. ब्राउझरमधलं बटण दाबलं की लेखक, वर्ष, खंड, पानं आपसूक येतात. वर्डमध्ये लिहिताना संदर्भ घालत जायचं, शेवटची सूची तेच लावतं. एपीए सोडून शिकागो (संदर्भ लिहायच्या या दोन पद्धती) करा म्हणाले तरी मिनिटभराचं काम. एवढं कुठलाही व्हिडिओ सांगेल.

गोव्याचा विषय घेतला की खरी कसोटी लागते. पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली जुनी मराठी पुस्तकं आयएसबीएनच्या आधीची, त्यामुळे नंबर टाकून माहिती ओढायची सोय तिथे बाद. सगळं हाताने भरायचं. मला तर हे बरंच वाटतं, कारण मुखपृष्ठावर न थांबता आतलं शीर्षकपान उघडून आवृत्ती, प्रकाशक, साल बघावं लागतं.

फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण घ्या. पहिल्यांदा छापलं १६१६ मध्ये. त्या आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. अभ्यासक बरेचदा वापरतात ती मंगळूरची, सालढाणांनी संपादित केलेली, रोमन लिपीतली १९०७ ची. नुसतं १९०७ लिहिलं तर सतराव्या शतकातला कवी विसाव्यात जाऊन बसतो. नुसतं १६१६ लिहिलं तर न पाहिलेलं पुस्तक पाहिल्याचा आव. झोटेरोत ‘एक्स्ट्रा’च्या खान्यात इंग्रजीतून ‘ओरिजिनल डेट’ आणि पुढे मूळ साल घातलं की एपीएत दोन्ही सालं तिरक्या रेघेने जोडून येतात. या एका खान्यासाठी मी बाकी बरंच माफ करते.

पोर्तुगीज नावांत मात्र डोकं आपलंच चालवायचं. १८५८ मध्ये कोकणी भाषेवर निबंध लिहिणारे कुन्हा रिव्हारा सूचीत ‘क’खाली की ‘र’खाली? पोर्तुगीज पद्धतीत शेवटचं आडनाव धरतात, म्हणजे ‘र’. सॉफ्टवेअर विचारत नाही, तुम्ही ज्या खान्यात जे लिहाल ते गुमान लावतं. कृष्णदास शामासारखं नाव तोडायचं नसेल तर नाव-आडनावाच्या दोन खान्यांचा एक करता येतो.

पुराभिलेखागारातल्या कागदांसाठी ‘मॅन्युस्क्रिप्ट’ हा प्रकार निवडायचा, संग्रह आणि खंडाचा क्रमांक वेगळ्या खान्यांत लिहायचा. लिस्बनशी चाललेल्या पत्रव्यवहाराच्या खंडांना पान नसतं, फोलिओ असतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून एकच क्रमांक असलेला कागद. संदर्भ घालताना ‘पान’च्या जागी ‘फोलिओ’ निवडता येतं; पुढची बाजू की मागची, ते आपण लिहायचं.

एक गोष्ट झोटेरो कधीच विचारत नाही: हे तुम्ही स्वतः वाचलंय का? इतिहासकार पिसुर्लेकरांच्या ग्रंथात उतरवलेलं पत्र थेट मूळ खंडाच्या नावे टाकलं तरी सूची तितकीच देखणी दिसते. आमच्या मॅडम पहिल्याच बैठकीत सगळ्यांना विचारतात, “हे पत्र तू पाहिलंयस, की पिसुर्लेकरांनी पाहिलेलं तू पाहिलंयस?” म्हणून मी ‘दुय्यम’ असा लाल टॅग केलाय. रंगीत टॅग नऊपर्यंत ठेवता येतात आणि की-बोर्डवरचा आकडा दाबला की लागतात. प्रकरण द्यायच्या आधी लाल नोंदी तेवढ्या काढते. ज्यांचं मूळ पणजीतच आहे ती बघून येते, उरलेल्यांपुढे ‘पिसुर्लेकरांच्या आधारे’ असं सरळ लिहिते.

जागेचं गणित आधीच समजून घ्या. नोंदींना मर्यादा नाही, पण झोटेरोच्या सर्व्हरवर फायलींना ३०० एमबीच फुकट. स्कॅन केलेली चार जाड पुस्तकं टाकली की संपलं. मी फाइल-सिंक बंद ठेवलंय. पीडीएफ लॅपटॉपवर आणि एक प्रत बाहेरच्या डिस्कवर. स्कॅन म्हणजे नुसतं चित्र असेल तर आतला शब्द शोधता येत नाही, ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, बाहेरून करून आणावा लागतो.

बीएच्या पाच-सात पुस्तकांच्या असाइनमेंटसाठी एवढा पसारा मांडू नका, वही पुरे. प्रबंध असेल तर विषय मंजूर झाला त्याच आठवड्यात झोटेरो घाला.