झगमगाटाखाली रबर: ‘मेकॅनिकल फील’ कीबोर्डची फसवणूक

कीबोर्डच्या खोक्यावर चार शब्द ठळक छापलेले असतात: ‘मेकॅनिकल फील’, ‘आरजीबी’, ‘अँटी-घोस्टिंग’, ‘गेमिंग’. चारपैकी एकही सहसा सरळसरळ खोटा नसतो आणि खरी गोम तिथेच आहे. तक्रार केली की विक्रेता हात वर करतो: ‘फील’ म्हटलं होतं, मेकॅनिकल (म्हणजे प्रत्येक कीखाली स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच) आहे असं कुठे म्हटलं होतं?

हा प्रकार एका ठरावीक क्रमाने घडतो. कीबोर्ड येतो, यूएसबी लावली की इंद्रधनुष्य पेटतं, पहिली संध्याकाळ रंग बदलण्यात जाते. दुसऱ्या आठवड्यात गेममध्ये तिरकं पळता पळता उडी मारायला गेलं तर उडीच लागत नाही. भरभर टाइप करताना अधूनमधून एखादं अक्षर गळतं. आधी आपलाच हात चुकला असं वाटतं. कीबोर्डवर संशय येईपर्यंत परतीची मुदत उलटून गेलेली असते. म्हणून खालच्या सगळ्या तपासण्या पहिल्याच दिवशी करायच्या, लाइट बंद ठेवून.

सुरुवात एक कीकॅप, म्हणजे कीवरची अक्षराची टोपी, उपसून करा. ती ओढायचा तारेचा चिमटा, म्हणजे पुलर, खोक्यात असतो. नसेल तर दोन पेपरक्लिप वाकवून कीकॅपच्या समोरासमोरच्या कडांखाली अडकवा आणि सरळ वर ओढा. स्पेसबारपासून सुरुवात करू नका, तिच्याखाली स्टॅबिलायझरची, म्हणजे लांब की तिरकी होऊ न देणारी, तार असते. ‘जी’ किंवा ‘एच’ घ्या. खरा मेकॅनिकल असेल तर खाली एक स्वतंत्र चौकोनी डबी दिसते, प्लेटच्या साधारण १४ मिलिमीटरच्या चौकोनात बसवलेली, चारही बाजूंनी फट स्पष्ट. मधोमध अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा रंगीत दांडा. तो दाबला की स्प्रिंगचा विरोध पहिल्यापासून जाणवतो. मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे रबराच्या टोप्यांवर चालणाऱ्या कीबोर्डमध्ये, डबी नसतेच. कीबोर्डच्या वरच्या कवचातच नळ्या ओतलेल्या असतात, त्यात दांडा खालीवर सरकतो आणि तळाशी रबराची टोपी. दाबताना आधी घट्ट लागतं आणि मग एकदम ढासळतं.

आता यातली लबाडी बघा. बऱ्याच मेम्ब्रेन कीबोर्डांत त्या सरकत्या दांड्याला निळा रंग आणि अधिकच्या चिन्हाचा आकार दिलेला असतो. मेकॅनिकलच्या कीकॅपही त्यावर बसतात. वरून फोटो काढला तर हुबेहूब ब्लू स्विच, म्हणजे टकटक आवाजाचा मेकॅनिकल स्विच. फरक कळतो तो डबी सुटी आहे की कवचाचाच भाग आहे, यावरून. वजनावर तर मुळीच जाऊ नका. तळाला लोखंडी पट्टी ठोकून वजन वाढवलेले मेम्ब्रेन कीबोर्ड असतात, आणि हातात घेतल्यावर ते चांगले दणकट वाटतात.

कीकॅप न काढताही खात्री करता येते. कोरी फाइल उघडा आणि एखादी की अगदी हळूहळू, मुंगीच्या पावलाने दाबा. चेरी कंपनीच्या एमएक्स रेडसारखा स्विच एकूण ४ मिलिमीटर खाली जातो आणि २ मिलिमीटरवरच अक्षर उमटतं. म्हणजे बोट अजून अर्ध्या वाटेवर असताना अक्षर पडद्यावर आलं पाहिजे. मेम्ब्रेनमध्ये रबर तळाशी टेकून खालच्या दोन प्लास्टिकच्या पापुद्र्यांवरचे वाहक ठिपके एकमेकांना चिकटल्याशिवाय काही होत नाही. तळ लागल्यावरच अक्षर आलं, तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, आत रबर आहे.

रबर असणं हा गुन्हा नाही. रोजच्या टायपिंगला चांगला मेम्ब्रेन कीबोर्ड उत्तम चालतो, आवाजही कमी. राग आहे तो रबराला स्प्रिंगचा भाव लावण्याचा.

समजा स्विच खरा निघाला. तरी ‘ओरिजिनल ब्लू स्विच’ हे वाक्य अर्धंच आहे. रंग जात सांगतो, बनवणारा सांगत नाही. चेरीचं पेटंट संपल्यावर गेटरॉन, काइल्ह, ओटेमू अशा अनेकांनी त्याच रंगांच्या नावाने स्विच बनवले. त्यातले काही चांगलेही आहेत. नाव स्विचच्या वरच्या झाकणावर कोरलेलं असतं, कीकॅप काढलीच आहे तर वाचून घ्या. ‘५ कोटी वेळा दाबण्याचं आयुष्य’ लिहिलंय आणि बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही, तर तो आकडा सोडून द्या.

गेम आणि टायपिंग दोन्ही एकाच कीबोर्डवर करायचं असेल तर स्विचच्या जातीत दुकानदाराचं ऐकू नका, कारण तो बहुधा ब्लूच पुढे करतो. टकटक आवाज ऐकला की गिऱ्हाइकाला ‘मेकॅनिकल’ पटतं ना! पण ब्लूमध्ये अक्षर सुमारे २.२ मिलिमीटरवर उमटतं आणि की पुन्हा तयार होण्यासाठी दांडा त्या बिंदूच्या बराच वर यावा लागतो. एकच की भरभर दोनदा दाबायची असेल तर हे अंतर आडवं येतं. शिवाय माइक चालू असला की समोरच्यांना तुमचं बोलणं कमी आणि टकटक जास्त ऐकू येते. याउलट ‘स्पीड’ जातीचे स्विच १.२ मिलिमीटरवर लागतात. गेममध्ये मजा येते, पण टायपिंगला बोट नुसतं टेकवलं तरी अक्षर पडतं. दोन्हीच्या मध्ये ४५ ग्रॅमच्या आसपास जोर लागणारा रेड किंवा हलका खटका देणारा ब्राउन, बहुतेकांचं काम तिथेच भागतं.

आता ‘अँटी-घोस्टिंग’. हा शब्द नीट समजून घ्यावा असा आहे. कीबोर्डच्या आत प्रत्येक कीला वेगळी तार नसते. आडव्या ओळी आणि उभे स्तंभ यांची जाळी असते. त्या जाळीत एका चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले, की वीज उलट्या वाटेने फिरून चौथ्या कोपऱ्याचीही की दाबल्यासारखी दिसते. न दाबलेलं हे अक्षर म्हणजे घोस्ट. ते टाळण्याचे दोन मार्ग. चांगला मार्ग म्हणजे प्रत्येक कीला एक डायोड, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा. स्वस्त मार्ग म्हणजे असा चौकोन दिसला की कंट्रोलरने, म्हणजे कीबोर्डच्या आतल्या चिपने, शेवटची की गिळून टाकायची. भूत गेलं खरं, पण तुम्ही दाबलेली खरी कीही गेली. तिरकं पळताना न लागलेली उडी ती हीच.

‘२६ की अँटी-घोस्टिंग’चा अर्थही तोच धरून चला: डब्ल्यू, ए, एस, डीच्या आजूबाजूच्या ठरावीक कींची जाळी अशी आखली आहे की त्यांचे चौकोन बनत नाहीत. बाकीच्या कीबोर्डवर पूर्वीचाच कारभार. विचारायचं ते हे: ‘कोणत्याही ६ की एकत्र लागतात का?’ साध्या यूएसबी कीबोर्डच्या मूळ संदेशात ६ साध्या की आणि शिफ्ट-कंट्रोलसारख्या ८ की एवढीच जागा असते. कोणत्याही ६ लागत असतील तर खेळायला पुरेसं आहे. ‘एन-की रोलओव्हर’, म्हणजे कितीही की एकदम दाबल्या तरी सगळ्या लागणं, ही त्याच्या पुढची पायरी. काही कीबोर्डांत ती एफएन आणि दुसरी एखादी की दाबून चालू करावी लागते, तर आधी तेही बघून घ्या.

चाचणी अशी: दोन्ही शिफ्ट एकदम दाबून धरा आणि ‘ए’पासून ‘झेड’पर्यंतच्या की एकेक करून दाबा. दोन हात अडकले, म्हणून दाबायला दुसरं माणूस घ्या किंवा शिफ्टसाठी अंगठे वापरा. २६ मोठी अक्षरं आली पाहिजेत. स्वस्त मेम्ब्रेनवर यात हटकून काही अक्षरं गायब होतात. (विंडोजमध्ये उजवी शिफ्ट नुसतीच ८ सेकंद धरून ठेवली तर फिल्टर कीजची खिडकी उघडते. तो बिघाड नाही, ‘नाही’ म्हणा आणि पुढे चला.) मग तुमच्या गेममधली खरी जुळणी घ्या: शिफ्ट, डब्ल्यू, डी धरून स्पेस, मग तेच धरून आर. जाताजाता प्रत्येक की वीस-वीस वेळा दाबून एका दाबण्यात दोन अक्षरं येतात का तेही पाहा. नव्या कीबोर्डवर असं डबल अक्षर आलं तर तो ‘थोडा वापरला की सुटेल’ या आश्वासनावर ठेवून घेऊ नका.

लाइटची फसवणूक त्या मानाने सोपी आणि ताबडतोब पकडता येणारी. सगळ्या की एकदम पांढऱ्या करा. होत नसतील तर तो आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा मिसळून हवा तो रंग देणारा, नाही, इंद्रधनुष्य आहे: पट्ट्यापट्ट्याने एकेका रंगाचे एलईडी कायमचे बसवलेले, फक्त उघडझाप करणारे. सगळ्या की मिळून सातच रंग निघत असतील तर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही एलईडी नुसते चालू-बंद होतात. दोन अवस्था, तीन दिवे, सगळे बंद सोडून सात जुळण्या. खऱ्या आरजीबीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, त्यातून १,६७,७७,२१६ हा आकडा येतो. पांढरा रंग पूर्ण उजेडावर ठेवला की काही की गुलाबी आणि काही पिवळसर दिसतात का, तेही कळतं. त्याच वेळी लाइट लुकलुकत असतील तर कीबोर्ड हबमधून काढून थेट संगणकाला लावून पाहा. यूएसबी २.० च्या पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर आहे, आणि शंभरावर एलईडी पांढरे पेटले की तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

जाहिरातीतला फोटो संगणकावर बनवलेला असतो, त्यात प्रत्येक अक्षर लखलखतं. प्रत्यक्षात रात्री टाइप करायला अक्षरं उजळायला हवीत, कडा नव्हे. एलईडी स्विचच्या वरच्या बाजूला असेल तर कीकॅपच्या वरच्या अर्ध्यातलं अक्षर उजळतं, खालच्या कडेला छापलेलं चिन्ह अंधारात राहतं. एलईडी खालच्या बाजूला असेल तर अक्षर मंद आणि कींमधल्या फटी झगझगीत. आणि पीबीटी नावाच्या प्लास्टिकच्या जाड अपारदर्शक कीकॅप असतील तर अक्षरातून काहीच येत नाही. असा कीबोर्ड दिसतो देखणा. अंधारात मात्र चाचपडावं लागतं. म्हणून ग्राहकांनी अंधारात काढलेले फोटो शोधा.

कीकॅपवर ‘डबल-शॉट पीबीटी’ लिहून रंग मारलेलं एबीएस हे दुसरंच प्लास्टिक देणं हाही नेहमीचा प्रकार. कीकॅप उलटी करून आत बघा. दोन रंगांचं प्लास्टिक एकमेकांत ओतलेलं दिसलं तर डबल-शॉट. आतून सगळी दुधी आणि बाहेरून काळी असेल तर वरचा रंग लेझरने खरवडून अक्षर काढलंय; काही महिन्यांत ‘ए’, ‘एस’, ‘डी’च्या कडा झिजतात आणि अक्षराच्या भोवतीनं उजेड गळू लागतो. प्लास्टिक ओळखायला मिठाचं पाणी वापरा. १०० मिलिलिटर पाण्यात ३६ ग्रॅमच्या आसपास मीठ, म्हणजे आणखी विरघळेनासं होईपर्यंत. कीकॅप बुडवून आतले बुडबुडे झटका. एबीएस तरंगतं, पीबीटी तळ गाठतं. डबल-शॉटमध्ये आतलं प्लास्टिक वेगळं असलं तर कीकॅप अधांतरी राहू शकते, तेव्हा एकरंगी कीकॅपवरचा निकाल जास्त भरवशाचा. नंतर साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

‘हॉट-स्वॅप’, म्हणजे डाग न देता स्विच उपसून बदलता येतात असं, लिहिलेल्या काही कीबोर्डांत फक्त बारीक पिनांचे स्विच बसतात, काहींत फक्त त्याच कंपनीचे ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावर चालणारे. तीन पिन की पाच पिन, हे विचारल्याशिवाय वेगळे स्विच मागवू नका. खोक्यावरचं ‘१ मिलिसेकंद’ म्हणजे १००० हर्ट्झ, सेकंदाला हजार वेळा संगणकाला खबर. दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतचा सगळा वेळ नव्हे, त्यात स्विचची थरथर शांत होण्याची वाट पाहण्याचे काही मिलिसेकंद वर पडतात. वायरलेसमधले ‘२०० तास’ लाइट बंद ठेवून मोजलेले असतात. ४००० एमएएचची बॅटरी आणि लाइट २०० मिलिअँपिअर खात असतील तर भागाकार करा: २० तास.

नामांकित कंपनीचा नकली माल असल्याचा संशय आला तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या गुणधर्मांत हार्डवेअर आयडी उघडा. ‘व्हीआयडी’पुढचा आकडा कंपनीचा असतो, रेझरचा १५३२, लॉजिटेकचा ०४६डी. नकली कीबोर्ड हा आकडाही चोरू शकतो, पण बहुतेकदा तेवढे कष्ट कोणी घेत नाही, आणि कंपनीचं अधिकृत सॉफ्टवेअर त्याला ओळखत नाही. सॉफ्टवेअरसाठी कागदी चिठ्ठीवर कुठल्या तरी फाइल-शेअरिंगची लिंक दिली असेल तर ती उघडूही नका. तुम्ही दाबलेली प्रत्येक की ज्याच्या हातून जाते, त्याचं सॉफ्टवेअर अनोळखी ठिकाणाहून घ्यायचं नसतं.

परत करायची वेळ आली तर कारण ‘आवडला नाही’ असं निवडू नका, ‘वर्णनाशी जुळत नाही’ निवडा. मागवण्याआधीच पानाचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवलेले असावेत, कारण तक्रारीनंतर वर्णन बदलतं. खोका उघडतानाचा व्हिडिओ पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरू करून मध्ये न कापता घ्या आणि त्यातच एक कीकॅप काढून आतली रबरी टोपी दाखवा. हळू दाबण्याच्या चाचणीत पडदा आणि बोट एकाच चौकटीत दिसलं तर वाद संपतो. परतीच्या खोक्यात पुलर, जादा स्विच, माहितीपत्रक सगळं मोजून टाका. एक तारेचा पुलर राहिला म्हणून ‘अपूर्ण वस्तू’ असा शेरा मारून कीबोर्ड पुन्हा तुमच्याच दारात येतो.