गिरणगावातल्या गॅलरीसाठी गांडूळखत: एक अभिप्राय
१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि आमच्या परळच्या चाळीतली बिऱ्हाडे एकेक करून डोंबिवली-विरारकडे निघून गेली. टेकू लावलेल्या या इमारतीत आता मन रमते ते गॅलरीतल्या मोगरा, तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्यांपाशीच. त्यांच्यासाठी जवळच्या रोपवाटिकेतून घेतलेले गांडूळखत चहाच्या भुकटीसारखे दाणेदार आणि दुर्गंधरहित असून, मातीच्या एक चतुर्थांश प्रमाणात मिसळल्यावर निचरा सुधारला आणि मोगरा कळ्यांनी भरला. सोबत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळायचे असेल, तर त्याच्या विटेत क्षार राहिलेले असू शकतात, त्यामुळे ती धुऊनच वापरावी. जुन्या गॅलरीवर ओल्या मातीचा भार नको, म्हणून विक्रेत्याने स्वतःहून लहान पिशव्या सुचवल्या, हे विशेष. घरपोच सेवा मात्र तळमजल्यापर्यंतच मिळते.