पद्मिनीची कॉइल आणि दीड ओहमचा रेझिस्टर : आठ महिन्यांनंतर

आमची प्रीमियर पद्मिनी १९८६ची, बाबांनी घेतलेली. सोसायटीतली पोरं तिला डुक्कर फियाट म्हणतात. ती वेगळी, हिच्याआधीची, गोलमटोल. पण कुणाकुणाला सांगत बसणार!

गेल्या एप्रिलात वाईला जाताना खंबाटकी घाट चढता चढता गाडीने मान टाकली. सेल्फ खणखणीत फिरतोय, पेट्रोल येतंय, प्लगला करंट मात्र नाही. अर्धा तास बॉनेट उघडं टाकून उभे राहिलो आणि मग एका सेल्फात चालू. पुढे दोनदा हेच. थंड असताना चालायचं आणि तापलं की झोपायचं, हे म्हाताऱ्या कॉइलचं (बॅटरीचे व्होल्ट वाढवून प्लगला ठिणगी पुरवते ती) ठरलेलं दुखणं. आतल्या तारेचं इन्सुलेशन गेलेलं असतं, गरम झालं की आतल्या आत शॉर्ट होते.

पुण्यात आल्यावर नवी कॉइल आणली. दुकानदार म्हणाला, "सगळ्या गाड्यांना चालते, डोळे झाकून लावा." मी खरंच डोळे झाकून लावली. गाडी सुसाट! तीन आठवड्यांनी मिसिंग मारायला लागली. डेल्कोचं, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं, झाकण काढलं तर आतले पॉइंट (उघडमीट करून कॉइलचा करंट तोडजोड करणारे) निळेकाळे. मिस्त्रींना कंडेन्सरचा (पॉइंट जळू नयेत म्हणून लावतात तो) संशय आला, म्हणून कंडेन्सर आणि पॉइंट दोन्ही बदलले. दहा दिवसांत पुन्हा तेच, आणि कॉइलवर तर हात टेकवेना.

तेव्हा कुठे डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं: बाहेरून रेझिस्टर लावूनच वापरा.

मल्टिमीटर काढला. आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या, ०.३ दिसले. हे मीटरच्या वायरींचे, ते वजा करायचे, नाहीतर इतक्या छोट्या मापात सगळा हिशेब चुकतो. कॉइलच्या प्लस-मायनसवर १.७, म्हणजे खरे १.४ ओहम. चालू गाडीत १४ व्होल्ट धरले तर पॉइंट मिटलेले असताना दहा अँपिअर. साधे पॉइंट चार-पाचच्या वर टिकत नाहीत. जुनी कॉइल थंड असताना ३.१ भरली. तेवढा अडथळा कॉइलमध्येच होता. म्हणजे आमच्या गाडीला रेझिस्टर नव्हताच, कारण तो लागतच नव्हता.

खरं तर तिथेच तीन ओहमची कॉइल आणून विषय संपवायला हवा होता. पण नवी कॉइल परत घेईनात आणि मलाही खाज. पुण्यातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून दीड ओहमचा रेझिस्टर आणला, दहा वॉटचा, पांढऱ्या सिमेंटचा. त्याने पहिल्याच संध्याकाळी धूर काढला. गणित साधं होतं, ते मी केलं नव्हतं. इंजिन बंद, चावी चालू आणि पॉइंट नेमके मिटलेले असले तर सव्वाचार अँपिअर सतत वाहतात, म्हणजे एकट्या रेझिस्टरवर सत्तावीस वॉटची उष्णता. मग सोनेरी ॲल्युमिनियमच्या अंगाचा पन्नास वॉटचा आणला. तोही हवेत लोंबकळत ठेवला तर पन्नास वॉट सोसत नाही, पत्र्यावर घट्ट कसावा लागतो. मी आतल्या मडगार्डच्या पत्र्यावर, पेट्रोलच्या नळीपासून लांब बसवला.

त्यानंतर आजपर्यंत आठ महिने, साधारण ३,८०० किलोमीटर. पॉइंट दोनदा उघडून पाहिले, राखाडी आणि स्वच्छ. कॉइल गरम होते, पण हात ठेवता येतो. खंबाटकी तीनदा, एकदा भर मे महिन्यात, चौघं आणि सामान घेऊन. कुठेही उभी राहिली नाही. पिकअप पूर्वीइतकाच. 'नव्या कॉइलने गाडी पळते' वगैरे जे म्हणतात, ते मला तरी जाणवलं नाही.

त्रास झाला तो डिसेंबरात. पहाटे सेल्फ मारला की बॅटरी साडेनऊ व्होल्टपर्यंत खाली येते, त्यातला निम्मा रेझिस्टर खातो, कॉइलला उरतात जेमतेम पावणेपाच. चोक ओढून सात-आठ सेल्फ लागायचे. काही गाड्यांत सेल्फ फिरेपर्यंत रेझिस्टरला वळसा घालून थेट करंट देणारी जादा पिन असते, आमच्या सेल्फला ती नाही. शेवटी हॉर्नचा चार पिनांचा रिले लावला. सेल्फच्या वायरवरून तो चालू होतो आणि तेवढ्यापुरती बॅटरी सरळ कॉइलला मिळते. मध्ये फ्यूज टाकला आहे. आता दुसऱ्या सेल्फात उठते.

आणखी एक तक्रार. सप्टेंबरात गाडी अधूनमधून गचके द्यायची. मी कार्ब्युरेटर दोनदा खोलला आणि निघाली रेझिस्टरची लग, म्हणजे वायरीच्या टोकाची पट्टी, ढिली. बोटाने हलवली की इंजिन अडखळायचं. जिथे एक जोड होता तिथे तीन झाले, हा या उद्योगाचा खर्च. आणि चावी चालू ठेवून गाणी ऐकणं घरात सगळ्यांना बंद.

कुणी विचारलं तर मी साधी तीन ओहमची कॉइलच घ्यायला सांगतो, आणि दुकानातच मीटर लावून. उलटी चूकही होते बरं का. तीन ओहमच्या कॉइलला वर रेझिस्टर लावला तर काही जळत नाही, पण ठिणगी मिणमिणती आणि खापर फुटतं प्लगवर. माझ्यापुरतं म्हणाल तर गाडी चालते आहे, म्हणून मी हात लावत नाही.

डिकीत मात्र एक नवी तीन ओहमची कॉइल टाकून ठेवली आहे. वर कागदी टेप लावून '३.१, रेझिस्टर काढून' असं लिहिलंय, आणि रेझिस्टरची दोन्ही टोकं जोडायला वीतभर वायर तिलाच गुंडाळलेली. बाबांनी परवा ती हातात घेतली, चष्मा वर करून आकडा वाचला आणि विचारलं, "एवढा ताप आलाय हिला?"